गॅस भरण्याआधी गळती शोधा: गाडीच्या एसी कंडेन्सरची सुरक्षित तपासणी

नाशिकची थंडी महाशिवरात्रीच्या आसपास ओसरते. नोव्हेंबरपासून तोवर एसीचं बटण कुणी दाबलेलंही नसतं. मग मार्चमधल्या एखाद्या दुपारी द्वारका चौकातल्या गर्दीत गाडी अडकते, काचा वर जातात, बटण दाबलं जातं आणि जाळीतून गरम वारा येतो. त्याच संध्याकाळी गाडी गॅरेजला जाते आणि गाडीवाला म्हणतो, "भाऊ, गॅस संपलाय, भरून द्या."

गॅस संपत नाही. तो पेट्रोलसारखा जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. रबरी होजमधून अगदी थोडा झिरपतो, पण त्याने एका हिवाळ्यात एसी बंद पडत नाही. एसी एकदम निकामी झाला आणि गॅस कमी निघाला, तर तो कुठून तरी बाहेर गेला आहे. ती जागा सापडेपर्यंत भरलेला प्रत्येक ग्रॅम वाया जाणार, हे मी स्वतःच्या गाडीवर शिकलो. दोन उन्हाळे मी एका गॅरेजमध्ये नुसता गॅस भरून घेतला. तिसऱ्या उन्हाळ्यात बंपर काढून बघितलं, तर कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढा काळा, तेलकट डाग होता. पहिल्याच वर्षी पाच मिनिटं टॉर्च मारला असता तर दिसला असता.

त्या पाच मिनिटांपासून नायट्रोजनच्या चाचणीपर्यंत सगळं इथे सांगतो. काही कामं घरच्या पार्किंगमध्ये होतात, काही फक्त जाणत्या मेकॅनिकने करायची असतात. कुठली कोणाची, हेही त्या त्या ठिकाणी सांगतो.

कंडेन्सर कुठे असतो आणि तोच का फुटतो

बॉनेट उघडून पुढच्या जाळीतून आत पाहिलं की रेडिएटरच्या पुढे एक पातळ, चपटी अ‍ॅल्युमिनियमची जाळी दिसते. तोच कंडेन्सर. कॉम्प्रेसरकडून येणारा गरम, दाबाखालचा गॅस इथे वाऱ्याने थंड होऊन द्रवरूप होतो. त्याच्या आडव्या चपट्या नळ्यांच्या आत बारीक बारीक वाटा असतात आणि दोन नळ्यांच्या मध्ये केसासारखे पातळ फिन, म्हणजे पत्र्याच्या पट्ट्या. बऱ्याच गाड्यांत बाजूला उभा ड्रायरही (ओल शोषणारा डबा) त्यालाच जोडलेला असतो.

सगळ्या एसीत सर्वांत जास्त दाब सोसणाऱ्या भागांपैकी हा एक, आणि गाडीत सर्वांत पुढे उभा. मुंबई-आग्रा महामार्गावर खडी भरलेल्या डंपरमागे गाडी चालवली आहे त्याला वेगळं सांगायला नको. उडालेला खडा बंपरच्या खालच्या फटीतून थेट कंडेन्सरवर बसतो. शिवाय पार्किंगमधला छोटा धक्का, सैल झालेल्या ब्रॅकेटची थरथर, पावसाळाभर फिनमध्ये साचून राहिलेला चिखल आणि त्याखाली हळूहळू खाल्लं जाणारं अ‍ॅल्युमिनियम. निफाड-दिंडोरीकडच्या शेतरस्त्यांवर रोज जाणाऱ्या गाड्यांच्या कंडेन्सरमधून मातीच्या वड्या निघालेल्या मी पाहिल्या आहेत. ती माती काढायला कुणी प्रेशर वॉशरची नळी अगदी जवळ धरली, तर फिन आडवे होतात ते वेगळंच.

आधी जीव, मग गाडी

हा भाग कृपया गाळू नका.

बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा रेफ्रिजरंट, म्हणजे एसीचा गॅस, असतो. तो मोकळ्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो. म्हणजे द्रवरूपात हातावर उडाला तर क्षणात कातडी गोठवतो, आणि डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतू शकतं. साधा चष्मा चालत नाही, बाजूंनी बंद असलेला गॉगल लावा. हातात जाड रबरी किंवा चामडी हातमोजे घाला. चुकून उडालाच तर चोळू नका, भरपूर कोमट पाणी ओतत राहा आणि डॉक्टर गाठा.

हा गॅस हवेपेक्षा साधारण साडेतीनपट जड आहे. तो खाली बसतो आणि खड्ड्यात, बेसमेंटमध्ये साचून तिथली हवा बाजूला सारतो. म्हणून गळतीची तपासणी इन्स्पेक्शन पिटमध्ये किंवा बंद गॅरेजमध्ये करायची नाही. मोकळ्या, हवेशीर जागीच करायची. आसपास बिडी, सिगारेट, गॅसचा बर्नर काही नको. हा गॅस ज्योतीत सापडला की त्यातून हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू तयार होतात. पूर्वी काही जण ज्योतीचा रंग बघून गळती ओळखत. ती पद्धत सोडून द्या.

पंख्याचं भान ठेवा. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. कंडेन्सरजवळ हात नेण्याआधी चावी काढून खिशात घाला, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि इंजिन गार होऊ द्या. बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी सांभाळा.

बॉनेटखालचा स्टिकर वाचा. त्यावर गॅसचा प्रकार आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. तिथे आर-१२३४वायएफ असेल तर तो गॅस थोडा ज्वलनशील आहे आणि त्याची मशीन, गेज सगळं वेगळं लागतं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत एसीचा कॉम्प्रेसर उच्च व्होल्टेजवर चालतो. नारिंगी वायर दिसली की तिथे घरच्या माणसाने हात घालायचा नाही.

आणि एक कळकळीची विनंती: तपासायचं म्हणून नट ढिला करून गॅस हवेत सोडू नका. शंभर वर्षांच्या हिशेबात १ किलो आर-१३४ए वातावरण तापवण्यात १४३० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरला जातो. एका गाडीतला अर्धा किलो म्हणजे ७१५ किलो. असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा किगाली करार २०१६ मध्ये झाला आणि भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. गॅस काढायचा तर तो ओढून साठवणाऱ्या रिकव्हरी मशीननेच. गाडी देण्याआधी ते मशीन आहे का, हे स्पष्ट विचारा.

डोळे आणि टॉर्च

सकाळची वेळ धरा. पुढच्या जाळीतून, बॉनेट उघडून वरून आणि शक्य असेल तर बंपरखालून, अशा तीन बाजूंनी कंडेन्सर बघा. टॉर्च समोरून मारू नका, तिरपा मारा. सरळ उजेडात सगळे फिन सारखेच चमकतात. तिरप्या उजेडात ओलसर जागा लगेच वेगळी दिसते.

शोधायचं आहे ते तेल. गॅस दिसत नाही, पण त्याच्याबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं. छिद्रातून गॅस उडून जातो, तेल मागे राहतं आणि त्यावर धूळ चिकटते. कोरड्या, करड्या धुळीच्या मधोमध एक काळपट, चिकट ठिपका दिसला की तिथे थांबा. पांढऱ्या टिश्यू पेपरने हलकेच टिपा. मेलेल्या किड्याचा डाग असेल तर कोरडा भुगा येतो, तेल असेल तर कागदावर पारदर्शक चट्टा उमटतो.

खालचे दोन कोपरे, बाजूच्या उभ्या नळ्यांना आडव्या नळ्या जिथे जोडल्या आहेत ते सांधे, होज बसवलेला ब्लॉक, ड्रायरचं बूच आणि ब्रॅकेट घासतात त्या जागा जास्त वेळ देऊन बघा. माझ्या अनुभवात निम्म्या गळत्या इथेच सापडतात. वाकलेले फिन म्हणजे गळती नव्हे. पण फिन दबून आतली चपटी नळी चेपलेली दिसली तर ती जागा खडूने नोंदवून ठेवा.

गाडीखाली पडलेलं स्वच्छ पाणी बघून घाबरू नका. ते डॅशबोर्डमागच्या कुलिंग कॉइलवर जमलेलं दव असतं आणि त्याने बाहेर यायलाच हवं.

गेज काय सांगतं, काय सांगत नाही

गेज जोडायचं काम सवयीच्या माणसाकडून करून घ्या, पण आकडे तुम्ही वाचा. गाडी काही तास बंद, सावलीत उभी असावी. आर-१३४एमध्ये लो साइडचा (कमी दाबाच्या बाजूचा) पोर्ट, म्हणजे नळी जोडायचं तोंड, १३ मिलिमीटरचा आणि हाय साइडचा (जास्त दाबाच्या बाजूचा) १६ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे जोडण्या उलट होत नाहीत. स्थिर गाडीत दोन्ही गेज सारखाच दाब दाखवतात. बाहेर २५ अंश असेल तर साधारण ८२ पीएसआय (दाब मोजायचं एकक), ३० अंशाला ९७, ३५ अंशाला ११४.

इथे बऱ्याच जणांची फसगत होते. ३० अंशाला ९७ दिसले म्हणजे गॅस पुरेसा आहे, असं नाही. सिस्टीममध्ये थोडाही द्रवरूप गॅस शिल्लक असेपर्यंत दाब तेवढाच राहतो, मग ५०० ग्रॅमपैकी २०० ग्रॅम का उरलेला असेना. स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखंच हे. तो संपत आला तरी शेवटपर्यंत ज्योत नीट येते, उरलं किती ते वजनावरूनच कळतं. दाब मात्र ४०-५० पीएसआयवर आलेला असेल, तर द्रवरूप गॅस पूर्ण गेलेला आहे. गेज जवळपास शून्यावर असेल तर गळती मोठी आहे आणि आत ओली हवा शिरलेली असण्याची शक्यता आहे. तेव्हा पुढच्या साबणाच्या चाचणीला अर्थ नाही, थेट नायट्रोजनकडे या.

स्निफर आधी, साबण नंतर

हा क्रम महत्त्वाचा आहे. इलेक्ट्रॉनिक स्निफर म्हणजे गॅसचा वास लागला की वाजणारं यंत्र, आणि त्याचं नाक फार नाजूक असतं. साबण, पेट्रोलची वाफ, ब्रेक क्लीनर, वायपरच्या पाण्यातलं रसायन यांपैकी कशानेही तो फसतो. म्हणून कंडेन्सर कोरडा असतानाच तो फिरवा. वारा नसावा. गोदाकाठी संध्याकाळी वारा सुटतो तेव्हा हे काम होत नाही, पहाटे किंवा भिंतीच्या आडोशाला होतं. गॅस जड असल्याने टोक प्रत्येक जागेच्या खालच्या बाजूने न्या, पृष्ठभागापासून पाच-सहा मिलिमीटर अंतर ठेवा, टेकवू नका, आणि अगदी सावकाश सरका. वाजला की तिथली हवा पुठ्ठ्याने वारा घालून पालटा, मिनिटभर थांबा, पुन्हा न्या. त्याच जागी दोन-तीनदा वाजला तरच ती खूण खरी.

मग साबण. भांडी घासायच्या लिक्विडचा एक भाग आणि पाणी चार-पाच भाग, फेस न करता हलकेच ढवळायचं. इंजिन बंद, बॅटरी सोडवलेली. गार कंडेन्सरवर मऊ ब्रशने ते लावायचं, फवारायचं नाही, कारण फवाऱ्याने आधीच बुडबुडे होतात आणि खरे कुठले ते कळत नाही.

लावून झाल्यावर बघत बसायचं. मोठं छिद्र लगेच फुगा काढतं. पण कंडेन्सरची गळती बहुतेक वेळा सुईच्या टोकाहूनही बारीक असते. तिथे पहिली दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही, आणि मग फिनच्या कडेला साबुदाण्याहून बारीक, पांढऱ्या फेसाचा पुंजका हळूहळू वर येताना दिसतो. बोटाने पुसला की पुन्हा तिथेच येतो. जाळीच्या मधल्या भागातली गळती समोरून दिसत नाही, तेव्हा छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन रेडिएटरच्या बाजूनेही बघा. झाल्यावर साध्या पाण्याने धुऊन टाका, साबणाचं पाणी अ‍ॅल्युमिनियमवर सुकू देऊ नका.

साबणात काही दिसलं नाही म्हणजे गळती नाही, असा अर्थ काढू नका. काही छिद्रं एसी चालू असताना, हाय साइडचा दाब २०० पीएसआयच्या आसपास जातो तेव्हाच उघडतात. अशा गळतीला यूव्ही डाय, म्हणजे अतिनील उजेडात चमकणारा रंग, कामाला येतो.

यूव्ही डाय: संयमाची चाचणी

गॅस थोडा शिल्लक असेल आणि कॉम्प्रेसर चालू होत असेल तरच डायचा उपयोग, कारण तो तेलाबरोबर फिरावा लागतो. तुमच्या गाडीच्या गॅसला आणि तेलाला चालणारा डाय, बाटलीवर लिहिलेल्याच मात्रेत घालायचा. जास्त घालून जास्त चमकत नाही. घालण्याआधी कंडेन्सर धुऊन घ्या, नाहीतर जुने डाग नंतर गोंधळात टाकतात. मग एसी लावून आठवडाभर गाडी चालवा. घोटी-इगतपुरी करत कसारा घाट एकदा उतरून चढलात तर फारच छान, कारण चढावर कंडेन्सरला खरा ताण बसतो.

रात्री, पार्किंगचा दिवा बंद करून, पिवळा गॉगल लावून यूव्ही टॉर्च मारा. गळतीची जागा पिवळसर हिरवी झळकते, अंधारात काजवा बसावा तशी. यूव्हीचा झोत स्वतःच्या किंवा कुणाच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका. हिरवं कूलंटही यूव्हीत चमकतं, म्हणून डाग रेडिएटरच्या होजकडून ओघळलेला आहे का ते तपासा. दोन्ही पोर्टच्या टोप्या काढून तिथेही टॉर्च मारा. मी अख्खा कंडेन्सर दोषी धरून बसलो होतो आणि गळत होता पोर्टमधला छोटा पिन वॉल्व्ह, असंही एकदा झालं. पाहून झाल्यावर टोप्या परत घट्ट लावा, त्याही गॅस अडवतात.

नायट्रोजन: शेवटचा शब्द

सिस्टीम रिकामी असेल किंवा वरचं सगळं करूनही उत्तर मिळालं नसेल, तर हीच खरी चाचणी. ती मेकॅनिकनेच करायची. तुम्ही शेजारी उभे राहा आणि पुढच्या गोष्टी पाळल्या जातात का ते बघा.

उरलेला गॅस आधी रिकव्हरी मशीनने काढलेला असावा. सिलिंडर कोरड्या नायट्रोजनचाच असावा. करडं अंग आणि काळी मान ही त्याची खूण, पण रंगावर विसंबू नका, नाव वाचा. काळं अंग आणि पांढरी मान असलेला सिलिंडर ऑक्सिजनचा असतो. तेल असलेल्या सिस्टीममध्ये दाबाखाली ऑक्सिजन सोडला तर स्फोट होऊ शकतो. टायर भरायच्या कॉम्प्रेसरची हवाही चालत नाही. तिच्यात दमटपणा असतो, आणि दाबाखाली हवा आणि उरलेला गॅस यांचं मिश्रण पेट घेऊ शकतं. पेट्रोल पंपावरचा टायरचा नायट्रोजनही नको, तो हवा तितका शुद्ध आणि कोरडा नसतो.

सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला. रेग्युलेटरशिवाय एकही नळी जोडायची नाही, कारण भरलेल्या सिलिंडरमध्ये २००० पीएसआयहून जास्त दाब असतो आणि गाडीची कुलिंग कॉइल त्यापुढे कागदासारखी आहे. आधी ५० पीएसआय द्यायचा, थांबायचं, कान देऊन ऐकायचं. फुसफुस नसेल तर हळूहळू १५० पर्यंत. त्यावर नको. मग सिलिंडर बंद करून साबण लावायचा आणि गेजचा फोटो काढून ठेवायचा.

तासाभराने काटा थोडा खाली दिसला तर लगेच गळती ठरवू नका. १५० पीएसआयवरचा नायट्रोजन दर अंशाला अर्ध्या पीएसआयने वर-खाली होतो. दुपारी गाडी उन्हात भरली आणि संध्याकाळी दहा अंशांनी गार झाली, तर पाच-साडेपाच पीएसआय नुसत्या गारव्याने उतरतात. म्हणून वेळेबरोबर तापमानही लिहून ठेवा.

कंडेन्सरवर दाट संशय असेल तर तो काढून, दोन्ही तोंडं योग्य बुचांनी बंद करून, त्यात नायट्रोजन भरून पाण्याच्या टाकीत बुडवावा. सायकलची ट्यूब घमेल्यात बुडवून पंक्चर शोधतात, तसंच. यात शंकेला जागा उरत नाही. फक्त दाब भरलेल्या बुचाच्या समोर कुणी उभं राहायचं नाही आणि चेहरा पाण्यावर आणायचा नाही.

व्हॅक्युमबद्दल थोडं, नाशिककरांसाठी

अनेक ठिकाणी व्हॅक्युम पंप लावून अर्धा तास काटा टिकला की "लिकेज नाही" असं सांगतात. व्हॅक्युमचं खरं काम आतली हवा आणि ओल काढणं. त्यात सांध्यांवर फार तर एका वातावरणाचा दाब येतो, तोही बाहेरून आत. चालत्या कंडेन्सरवर त्याच्या दहापटीहून जास्त दाब आतून बाहेर असतो. काटा पडला तर गळती नक्की, टिकला तर काहीच नक्की नाही.

दुसरं, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. पुस्तकात २९ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्युम लिहिलेलं असतं ते समुद्रकाठचं. इथे हवेचाच दाब कमी असल्याने उत्तम पंपही साध्या गेजवर २८ इंचांच्या आसपासच थांबतो. तेवढ्यावरून पंप खराब किंवा गळती आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला ही गोष्ट सांगा.

गळती सापडल्यावर

कंडेन्सरची चपटी नळी फुटली असेल तर एम-सील, इपॉक्सी, वेल्डिंग यांत पैसे घालू नका. आतल्या वाटा इतक्या बारीक असतात की वेल्डिंगने त्या बुजतात, आणि वरचा लेप दाब आणि थरथर यांपुढे टिकत नाही. गॅसमध्ये मिसळायचं "स्टॉप लीक" तर अजिबात नको. ते पुढच्या गॅरेजच्या रिकव्हरी मशीनलाही चोंदवतं, आणि म्हणून काही ठिकाणी अशी गाडी घेतही नाहीत. स्वस्तात पडतो म्हणून कुणी एलपीजीसारखा गॅस भरून देत असेल तर तिथून गाडी काढा. तो ज्वलनशील आहे आणि कुलिंग कॉइलमधून गळला तर थेट तुमच्या घरच्यांच्या बसायच्या जागेत येतो.

कंडेन्सर नवा बसवताना सांध्यांतल्या ओ-रिंगही (रबरी कड्या) नव्या, तेल लावून बसवलेल्या. सिस्टीम उघडी राहिली असेल तर ड्रायर नवा, कारण आतलं तेल आणि ड्रायर दोन्ही हवेतली ओल शोषतात. जुन्या कंडेन्सरमध्ये राहून गेलेलं तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या मात्रेने परत घालायचं. ही पायरी चुकली की काही महिन्यांत कॉम्प्रेसर जातो. त्यानंतर नायट्रोजनची चाचणी पुन्हा, मग किमान अर्धा तास व्हॅक्युम, आणि शेवटी स्टिकरवर लिहिलेला गॅस काट्यावर वजन करून. "अंदाजाने भरतो" म्हणणाऱ्याला थांबवा.

बिलावर किती ग्रॅम काढला आणि किती ग्रॅम भरला, हे दोन्ही आकडे तारखेसकट लिहून घ्या. पंधरा दिवसांनी रात्री यूव्ही टॉर्च घेऊन नव्या सांध्यांवर एकदा मारा. आणि पुढच्या थंडीत, निफाडला पारा कितीही उतरला तरी, पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे तेल फिरून कॉम्प्रेसरचं सील कोरडं पडणार नाही.